वडील शाळेत गेले आहेत

त्रिंबक हळब्यांनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी पत्रांच्या बाबतीत माणूस इतका काटेकोर, की बँकेनं दिवाळीच्या छापील शुभेच्छा पाठवल्या तरी हे आभाराचं कार्ड टाकायचे. पण हे एक पत्र सहा वर्षं टेबलाच्या खणात पडून होतं. खण उघडताना हळबे तो अर्धाच उघडत, म्हणजे ते नजरेला पडायला नको.

पत्र आलं होतं कॅनडाच्या पार उत्तरेकडून, नुनावुत प्रांतातल्या इमिलिक नावाच्या सात-आठशे वस्तीच्या इनुइट गावातून. वरती त्यांच्या लिपीतली एक ओळ होती, त्रिकोण आणि आकडे मांडल्यासारखी. खाली इंग्रजी. लिहिणारी उलुरियाक, तिथल्या शाळेतली भाषेची शिक्षिका. मजकूर थोडकाच होता. ‘तुमचं यंत्र आमची भाषा फार छान बोलतं. ते आता घरोघर बसणार आहे. त्याआधी तुम्ही या. एखाद्या स्वयंपाकघरात बसा, चहा घ्या आणि ऐका. आमच्याकडे असंच शिकतात.’

हळब्यांनी उत्तराला कितीदा सुरुवात केली. एकदा वाटलं, फार मोठेपणा दिसतोय. एकदा वाटलं, फारच लाचार झालंय. मग वाटलं, आपण कोण जाणार आणि काय ऐकणार? एव्हाना एखादा खरा जाणकार जाऊनही आला असेल. पुढं उशिराचीच लाज वाटायला लागली, आणि लाजेनं आणखी उशीर झाला.

“तुझं ते बर्फातलं पत्र राहिलंच ना रे दादा?” धाकटी बहीण कुमुद अधूनमधून विचारायची. मिरजेच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त होऊन ती वाईला भावाकडे राहायला आली होती, आणि भावाला टोचणी लावण्याचं काम तिनं न मागता पत्करलं होतं.

“लिहितो,” हळबे म्हणायचे.

यंत्र हळब्यांचं होतं असं म्हणणं त्यांना स्वतःलाच जड जायचं. त्यांनी फक्त एक युक्ती काढली होती. बोलकी यंत्रं भाषा शिकतात ती कोट्यवधी वाक्यं गिळून. इंग्रजीला त्याचा तोटा नाही. पण जिच्यात लिहिलेलं सगळं मिळून दोन कपाटं भरतील अशा भाषेचं काय? त्यातून इनुइटांच्या भाषेची तऱ्हा आणखी वेगळी. एका मुळाला मागून एकेक तुकडा गाठ मारल्यासारखा जोडत जायचा, की आपलं अख्खं वाक्य त्यांच्या एका शब्दात मावतं. यंत्राला प्रत्येक शब्द नवाच वाटतो. हळबे पुण्याला ध्वनिशास्त्र शिकवत असताना त्यांच्या मनात आलं, की शब्द शिकवूच नयेत, गाठी शिकवाव्यात. लहान मूल कुठं कोट्यवधी वाक्यं ऐकतं? ते गाठ कशी बसते ते पकडतं आणि पुढचं स्वतः विणतं. त्यांनी हा प्रयोग आपल्या बुलढाण्याकडच्या निहाली भाषेवर केला, त्यावर एक निबंध लिहिला, आणि तो फारसा कोणी वाचणार नाही याची खात्री बाळगली.

तो वाचला गेला. उत्तरेत एका बाईचं थोड्याच तासांचं बोलणं यंत्राला ऐकवलं आणि यंत्र बोलू लागलं. ती बाई म्हणजे उलुरियाक. डब्याएवढं ते यंत्र घराघरात भिंतीवर बसलं. नाव ठेवलं ‘तुसाजी’. त्यांच्या भाषेत तुसाजी म्हणजे दुभाषा, ऐकून सांगणारा.

“तुसाजी?” कुमुद म्हणाली होती. “आडनाव काय, मालुसरे?”

या तुसाजीनं खरोखरच गड सर केला. पूर्वी म्हातारी माणसं डॉक्टरच्या इंग्रजीला नुसतीच मान डोलवायची आणि दुसऱ्याच दुखण्याचं औषध घेऊन यायची. आता पेन्शन असो, शेगडीचं तेल असो, दवाखान्यात न्यायचं विमान असो, सरकारशी आपल्या भाषेत बोलता येऊ लागलं. हळब्यांनी त्या बातम्यांची कात्रणं जपून ठेवली होती. कोणाला दाखवत मात्र नसत.

नंतर तुसाजीला आणखी एक काम लावण्यात आलं. घरात म्हातारी माणसं बोलतात ते ऐकायचं आणि त्यांची स्मृती शाबूत आहे का ते पाहायचं. कोण हयात आहे, कोण वारलं, कोण कुठं राहतं, हे सांगण्यात माणूस पुनःपुन्हा घोळ घालू लागलं की यंत्रानं दक्षिणेतल्या तपासणी केंद्राला कळवायचं. हेतू चांगलाच होता. मेंदूचा डॉक्टर तिथून दोन विमानं पलीकडे. रोग लवकर कळला तर बरंच.

आणि एका संध्याकाळी त्या केंद्राच्या ड्रिस्कॉल नावाच्या अधिकाऱ्याचा निरोप आला. एका बाईंना स्मृतिभ्रंश झाल्याचा निष्कर्ष यंत्रानं काढला आहे. नियमाप्रमाणे त्यांना दक्षिणेतल्या शुश्रूषागृहात हलवायचं आहे. बाईंनी हरकत घेतली आहे. यंत्रानं त्यांचं बोलणं बरोबर ऐकलं की नाही, एवढंच आपण मूळ संशोधक म्हणून उद्याच्या सुनावणीत सांगावं.

खाली बाईंचं नाव होतं. उलुरियाक.

हळब्यांचा चहा गार झाला. सोबत बाईंच्या घरातल्या बोलण्याचे काही तुकडे होते. ‘वडील सकाळी न खाताच शाळेत गेले.’ ‘वडिलांचा दात पडला, मी जपून ठेवलाय.’ ‘वडील काल बर्फात पडले आणि रडले नाहीत.’ शेजारी नोंद होती की वडील कुपाक, सहा वर्षांपूर्वी मृत. तपासणीत विचारलं, ‘आपले वडील वारले हे आपल्याला माहीत आहे का?’ उत्तर: निरुत्तर. तीनदा विचारलं. तीनदा निरुत्तर.

हळब्यांनी मूळ आवाज लावून ऐकला, पुन्हा ऐकला. यंत्राची एकही चूक नव्हती. शब्द तेच होते. ‘अताता’ म्हणजे वडील, त्यात दुसरा अर्थ कुठून काढणार?

“बाईंना फोन लाव,” कुमुद म्हणाली.

“मी? आत्ता? कोणत्या तोंडानं?”

“तेच, जे सहा वर्षं मिटून बसलास.” आणि तिनंच बटण दाबलं.

पडद्यावर एक स्वयंपाकघर उजळलं. जमिनीवर खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता आणि त्यावर गोठलेला मोठा मासा. पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई मांडी घालून बसली होती आणि अर्धचंद्राच्या आकाराच्या पात्यानं त्याचे पातळ काप काढत होती.

“बघ, विळीची बहीण,” कुमुद हळूच म्हणाली.

हळब्यांनी नाव सांगितलं. तिकडे भिंतीवरच्या तुसाजीनं ते बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं आणि बाईंचं बोलणं इकडे मराठीत आलं.

“तुम्हीच पत्राला उत्तर न देणारे.”

“हो.” मान खाली घालून हळबे म्हणाले. “मला... त्याबद्दल फार...”

“आता दिसलात, बरं झालं. मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल.”

कुमुद फस्सकन हसली. हळब्यांनी घसा साफ केला. “बाई, मला तुमच्या मदतीला यायचंय. चालेल ना?”

बाई काही बोलल्या नाहीत. हळब्यांनी वाट पाहिली. परत विचारलं. पुन्हा गप्प. मग बाईच वैतागून म्हणाल्या, “दोनदा हो म्हटलं की!”

“कधी?”

बाईंनी भुवया उंचावल्या. “हे काय. आम्ही हो असं म्हणतो. नाही म्हणायचं तर नाक मुरडतो. थंडीत तोंड कशाला उघडायचं?”

हळबे एकदम पुढं सरकले. “म्हणजे तपासणीत तुम्हाला विचारलं, वडील वारले हे माहीत आहे का, तेव्हा...”

भुवया वर गेल्या. “तीनदा. त्या मूर्खाला मी तीनदा हो म्हटलं.”

यंत्राला कान होते, डोळे नव्हते. हळब्यांनी दिलेले कानच होते ते.

तेवढ्यात दार उघडून फरची टोपी घातलेली सहा वर्षांची मुलगी आत आली आणि थेट माशाकडे गेली. “हे माझे वडील,” उलुरियाक म्हणाल्या. “अताता, बूट काढ आधी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील कुपाक गेले आणि महिन्याभरात ही नात जन्मली. तिला त्यांचं नाव दिलं. मुलगी असो, मुलगा असो, ज्याचं नाव, त्याचं नातंही नावाबरोबर येतं. म्हणून नात त्यांना वडील, आणि नातीच्या आईला आजोबा. गावात प्रत्येक मुलाला असं कोणीतरी आहे. म्हातारा माणूस चार वर्षांच्या पोराला ‘आई’ म्हणतो आणि पोरगंही आईसारखं त्याला रागवतं.

“मग यंत्रानं बाकीच्यांना कसं पकडलं नाही?”

“पकडलं की. पहिल्या वर्षीच कित्येकांना पकडलं. तेव्हा लोक शहाणे झाले. आता डब्यासमोर सगळे पोरांना कागदावरच्या नावानं हाक मारतात. हिचं कागदावर मेलिसा आहे.” त्यांनी नाक मुरडलं. “तुमचा डबा आमच्यासारखा बोलायला शिकला, डॉक्टर. आता आम्ही डब्यासारखं बोलायला शिकतोय. लहान पोरांना आपण कोणाचे कोण हेच माहीत नाही. घरात हाक मारली तरच कळणार ना?”

हळब्यांनी चाचरत सुचवलं, “सुनावणीपुरतं तुम्ही तिला मेलिसा म्हटलंत, तर सुटका होईल.”

बाईंनी पातं खाली ठेवलं. “माझे वडील लहान होते तेव्हा सरकारला आमची नावं उच्चारता येत नव्हती. म्हणून त्यांच्या गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवला. माझे वडील कागदोपत्री एक आकडा होते. त्यांनी तो काढून फेकला तो दिवस मला आठवतो. त्यांना मी आता पुन्हा परकं नाव चिकटवू? मग दक्षिणेत नेऊन टाका मला.” मुलीच्या हातात माशाचा काप देत त्या म्हणाल्या, “खा, अताता.”

फोन संपला.

“दादा,” कुमुद म्हणाली, “आई तुला काय हाक मारायची?”

हळब्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्यांच्या आजोबांचं नाव त्रिंबक. ते गेल्यावर घरात जन्मलेला पहिला नातू म्हणून यांचं नाव त्रिंबक. आणि आई सासऱ्यांचं नाव कसं घेणार? नाशिकला दर्शनाला गेली तरी ‘त्या देवळात जाऊन आलो’ म्हणायची. पाळण्यातल्या पोराला तिनं पहिल्या दिवसापासून ‘मामंजी’ म्हटलं, तेही अहो-जाहो करून. ‘मामंजी, दूध प्या.’ ‘मामंजी, फार मस्ती चाललीये, फटका मिळेल हां.’ आई जाऊन चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून ही हाक कोणी मारली नव्हती.

“तुझ्या अभ्यासाची कॅसेट आहे ना,” कुमुद म्हणाली. “मेतकुटाची?”

विद्यार्थी असताना उच्चारांच्या अभ्यासासाठी त्यांनी आईला बोलतं केलं होतं. मेतकूट कसं करायचं ते तिनं सांगितलं होतं. तेव्हा ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, ऐन उमेदीतली, अख्ख्या शाळेची हजेरी तोंडपाठ असलेली. हळब्यांनी तो आवाज आपल्याजवळच्या, मराठी शिकवलेल्या तुसाजीला ऐकवला आणि स्मृती तपासायला सांगितलं.

खरखरीतून आई बोलू लागली. “डाळी वेगवेगळ्या भाजायच्या. मामंजी, ते यंत्र जरा लांब धरा, पूड उडेल. आमचे मामंजी गेले ना, त्याच साली गावात वीज आली, तोवर सगळं जात्यावर. मामंजी, परवाचा पेपर कसा गेला तुमचा? न जेवता गेलात ते...”

दोघं भावंडं हसतही होती आणि डोळेही पुसत होती. आवाज संपला. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर लाल ओळी उमटल्या. ‘मृत व्यक्ती हयात असल्याचा समज. मृत व्यक्तीशी संभाषण. तीव्र स्मृतिभ्रंश. देखरेखीशिवाय ठेवू नये.’

कुमुदचं हसू थांबलं. “दादा, आईला वेडं ठरवलं रे तुझ्या डब्यानं.”

हळबे रागावणारे गृहस्थ नव्हते. विद्यार्थ्यांनी वर्गात कागदाची विमानं सोडली तरी ते खिडकी लावून घ्यायचे, वाऱ्यानं आली असतील म्हणून. पण त्या दिवशी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “उद्या मी बोलणार.”

सुनावणी इमिलिकच्या सकाळी होती, वाईच्या संध्याकाळी. उलुरियाकनी एक अट घातली होती, की सगळं बोलणं गावच्या रेडिओवर ऐकवायचं. तिथं घरोघरी रेडिओ दिवसभर चालू असतो. कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोणाला शिकार मिळाली, सगळं त्यावरच. ड्रिस्कॉल थकल्या चेहऱ्याचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी ते मान्य केलं.

“डॉक्टर हळबे, माझा प्रश्न साधा आहे. यंत्रानं बाईंचे शब्द बरोबर ऐकले का?”

हळब्यांसमोर इंग्रजीत लिहून आणलेला कागद होता. पहिलंच वाक्य ‘मी या विषयातला तज्ज्ञ नाही, तरी’ असं होतं. ते वाक्य त्यांनी आयुष्यभर कितीतरी ठिकाणी वाचून दाखवलं होतं.

त्यांनी कागद उलटा ठेवला.

“मी मराठीत बोललो तर चालेल? तुमच्या डब्याला येते. मीच शिकवलीये.”

“जरूर.”

“शब्द बरोबर ऐकले. एकही चुकला नाही. आणि तरी निष्कर्ष साफ चुकीचा आहे.” आपला आवाज इतका स्पष्ट निघालेला ऐकून हळबे स्वतःच जरा दचकले, पण थांबले नाहीत. त्यांनी आईचा आवाज ऐकवला. यंत्राच्या लाल ओळी वाचून दाखवल्या. मग ती बाई कोण होती ते सांगितलं. “ज्या दिवशी हे बोलली त्याच दिवशी तिनं शाळेचं वेळापत्रक एकटीनं बसवलं होतं. ते चूक निघालं नाही.”

“पण डॉक्टर,” ड्रिस्कॉल सावकाश म्हणाले, “तुमच्या आईंना खरंच वाटत होतं का, की तुम्ही त्यांचे सासरे आहात?”

“साहेब, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण माझ्या आईनं काढलं. ते गेले हे तिच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? गेलेल्या माणसाचा मान घरात कसा ठेवायचा याची एक रीत असते. तिनं तो माझ्यावर ठेवला. मी रांगत होतो तेव्हापासून त्या घरात कोणी मला अरे-तुरे केलं तर ती डोळे वटारायची.”

“मला सोडून!” कुमुद मागून ओरडली. “मी धाकटी, मला माफ होतं. मी साक्षीदार आहे, लिहून घ्या.”

ड्रिस्कॉलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं.

“ही रीत काय असते ते माझ्या यंत्राला मी शिकवलं नाही,” हळबे म्हणाले, “कारण मलाच ते शिकायचं सुचलं नाही. ज्यांना सुचलं होतं त्यांनी मला आधीच बोलावलं होतं. आणखी एक. बाईंनी तुमच्या प्रश्नाला तीनदा उत्तर दिलंय. आता तोच प्रश्न विचारा आणि या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघा.”

ड्रिस्कॉलनी पडद्याकडे पाहिलं. “बाई, तुमचे वडील वारले हे तुम्हाला माहीत आहे का?”

उलुरियाकच्या भुवया वर गेल्या, आणि तिथंच राहिल्या.

“याचा अर्थ हो,” हळबे म्हणाले.

“मग आता ते कुठं आहेत?”

“कोणते?” उलुरियाकनी विचारलं. “ज्यांना आम्ही टेकडीवर दगडांखाली ठेवलं ते? ते तिथंच आहेत, दर उन्हाळ्यात मी जाते. आणि हे?” त्यांनी शेजारच्या मुलीला मांडीवर ओढलं. “हे माझ्या मांडीवर पाव खातायत. यांचा दात पडलाय. अताता, दाखव साहेबांना.”

कुपाकनं तोंड उघडून दाताचं खिंडार दाखवलं.

ड्रिस्कॉलनी चष्मा काढला. “निष्कर्ष मागे घेतला आहे. आणि इमिलिकमधलं स्मृती तपासण्याचं काम आजपासून बंद. कोण कोणाचं कोण लागतं हे तुमचे लोक यंत्राला शिकवतील आणि शिकलंय असं सांगतील, तेव्हाच ते पुन्हा सुरू होईल. एवढा अधिकार मला आहे. बाकी सेवा तुमच्या भाषेत चालूच राहतील.”

उलुरियाकनी आनंद वगैरे काही दाखवला नाही. आपलंच होतं ते परत मिळाल्यासारखी मान ताठ केली आणि हळब्यांकडे वळल्या. “तुम्हाला तुमची आई काय म्हणायची? परत सांगा.”

“मामंजी.”

“मामांजी,” त्या आपल्या उच्चारात म्हणाल्या. तुसाजीनं त्याचं भाषांतर केलं नाही. “पत्राचं उत्तर राहिलंय, मामांजी.”

पडदा बंद व्हायच्या आत त्यांच्या उघड्या दारातून बाहेरचा आवाज आला. कुठल्यातरी घरातला म्हातारा, खणखणीत आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत होता. तुसाजीनं तेही इमानानं मराठीत सांगितलं.

“आई! ए आई! खेळ पुरे झाला, घरी ये! चहा झालाय!”

पाठोपाठ दुसऱ्या दारातून कोणीतरी आजोबांना हाक मारली, तिसऱ्यातून मावशीला. गावभर मेलेली माणसं बर्फात खेळत होती आणि त्यांना जेवायला बोलावणं चाललं होतं. कुमुद पदरानं नाक पुसत म्हणाली, “आईला हे ऐकवायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हळब्यांनी खण पूर्ण उघडला. उत्तर एका बैठकीत लिहून झालं, खाडाखोड न करता.

‘आपलं पत्र पोचलं. उशीर झाला. जूनमध्ये येतो, स्वयंपाकघरात बसून ऐकायला. मला गोठलेला मासा खाता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करीन. चहात साखर कमी. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि दात उशीखाली ठेवू नका म्हणावं, आमच्याकडे छपरावर टाकतात. सोबत माझी बहीण येईल, ती न बोलावता येते.’

खाली त्यांनी नेहमीप्रमाणे नाव घातलं, पदव्या घातल्या, आणि पदव्या खोडल्या.

“तिनं काय म्हटलं तुला ते लिही की,” कुमुद खांद्यावरून वाकून म्हणाली, आणि त्यांनी नावाखाली ‘मामांजी’ लिहिलं.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि पत्ता वाचला. “नुनावुत? हे कुठं आलं काका?”

“उत्तरेला,” हळबे म्हणाले. “आमचं घरोब्याचं गाव आहे.”

तिकिटं त्यांनी स्वतः चिकटवली. पाकीट लाल पेटीत सोडलं, आणि ते आत पडल्याचा आवाज ऐकेपर्यंत हात तिथंच ठेवला.